दिसू नये अशी धार

शनिवार, ३

"धार दिसायला लागली की समजायचं, ती गेली."

बाबांनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांच्या धार लावायच्या दुकानातल्या बाकावर उभी राहिले तरच दिव्याच्या उंचीला पोचायचे. त्यांनी एक कात्री दिव्याखाली धरली, पात्याची कड माझ्या डोळ्यांसमोर आणली आणि हळूच फिरवली. कडेवर केसाएवढी पांढरी रेघ चमकली. "दिसली ना? म्हणजे इथे पोलाद सपाट झालंय, त्यावर उजेड बसतो. खऱ्या धारेवर उजेडाला बसायला जागाच नसते." मग त्यांनी दुसरं पातं धरलं. मी डोळे ताणले. काहीच दिसलं नाही. "काही दिसलं नाही की आपलं काम झालं," म्हणाले आणि कात्री कागदात गुंडाळली.

आज हे आठवायचं कारण म्हणजे कोशातला शब्द. शाळेच्या मुलांसाठी इंग्रजी-मराठी कोश होतोय, त्यातलं 'बी' हे अक्षर माझ्या वाट्याला आलंय. आठवडाभर भराभर चालले होते आणि आज 'ब्लेड'पाशी येऊन अडकले. मराठीत ब्लेड म्हटलं की दाढीचं ते पातळ पातं, बस. पण इंग्रजीत शब्द फार जुना आहे आणि मुळात त्याचा धारेशी काही संबंधच नव्हता. मूळ अर्थ झाडाचं पान. पानासारखा चपटा म्हणून वल्ह्याचा टोकाचा भाग, मग तलवारीचं पातं, खांद्यामागचं हाड, पंख्याचं पातं. पान म्हणून वापर जवळजवळ गेला, गवतापुरता उरला. आपलं 'पातं'ही पानाच्याच घरातलं. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच गोष्ट पाहिली, याची मला दुपारभर गंमत वाटत राहिली.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "काय लिहिलंस आज? वाच."

हल्ली रोज विचारतात. मी वाचून दाखवते. आई होती तोवर माझ्या कामाला ते 'चिठ्ठ्या लिहिणं' म्हणायचे. आता मन लावून ऐकतात. या वयात बाप लेकीच्या कामात रस घ्यायला लागला, हे माझं भाग्यच म्हणायचं.

"पहिला अर्थ काय देतेस?"

"पान."

"पानाने बोट कापत नाही, पंडितबाई."

"गवताच्या पात्याने कापतं की."

यावर हसले. उजव्या अंगठ्याला पट्टी होती. विचारलं तर म्हणाले, "धंद्यातलं आहे."

मंगळवार, ६

संपादकबाईंचा फोन. 'बी' महिनाअखेर हवंय. 'ब्लेड'चा पहिला अर्थ धारेचाच द्या, म्हणाल्या, मुलं तोच शोधत येतात. मी वाद घातला नाही, पण पटलंही नाही.

दुपारी समोरच्या शिंपीणकाकू आल्या. दारातूनच आधी दुकानाकडे डोकावल्या, बाबा मशीनवर आहेत याची खात्री केली आणि पदराआडून कात्री काढली.

"काकांना सांगू नकोस हं. पण ही चावतेय."

"चावतेय म्हणजे?"

"कापड कापत नाही गं, चावते. परवाच धार लावून दिलीय त्यांनी. एका गिऱ्हाइकाचं रेशीम खाल्लं हिने. तीस वर्षं त्यांच्याकडेच देतेय, कधी असं झालं नाही."

मी म्हटलं, रेशीमच खराब असेल. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला लाज वाटली. शेवटी म्हणाल्या, "तुझे बाबा म्हणून नाही बोलत काही. पण माझी बोटं त्या कापडाच्या शेजारीच असतात."

कात्री माझ्या टेबलाच्या खणात आहे. बाबांना सांगायचं म्हणजे काय सांगायचं?

बुधवार, ७

कात्री बारक्याकडे नेली. बारक्या म्हणजे बाबांच्या हाताखाली शिकून पलीकडच्या बाजारात स्वतःचं दुकान काढलेला माणूस. नाव तेव्हाचं, आता दुकानाच्या दारातून आडवा शिरतो. बाबांशी त्याचं फार सख्य नाही. निघून गेला तेव्हा बाबा त्याला धारेच्या दगडांचा जुना जोड देणार होते, तो त्याने घेतला नाही, नवीन मशीन घेतलं.

त्याने कात्री ट्यूबखाली धरली आणि पातं दोनदा फिरवून पाहिलं.

"ही काकांनी लावली?"

"हो."

"ही रेघ त्यांना दिसली कशी नाही?"

"घाईत असतील."

"काका? घाईत?" त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कात्रीकडे. "बरं. ठेवा, संध्याकाळी देतो. पैसे-बिशे काढू नका, मी त्यांचं मीठ खाल्लंय."

बसने येताना राग येत होता. बारक्याचा. 'दिसली कशी नाही' म्हणे! सत्तरी ओलांडलेल्या माणसाची एखादी चूक होऊ नये?

शनिवार, १०

बाबांनी दाढी करणं सोडलंय. मी म्हटलं, ऋषी व्हायचंय का? "वाढवून बघतो, तुझ्या आईला कधी आवडली नसती," म्हणाले. आईची आठवण त्यांना अशा उलट्या बाजूने येते.

दुकानातला मोठा दिवाही आता लावत नाहीत. डोळे दिपतात म्हणे. मला वाटतं विजेचं बिल. चहा ओतताना बशीत सांडला, तर म्हणाले, "बशीतूनच प्यायचा होता." पट्ट्या आता दोन्ही अंगठ्यांना. मी रागावले. "धार अंगठ्यावर कशाला बघता? मला तर दिव्याखाली बघायला शिकवलंत."

"प्रत्येकाची रीत बदलते."

वर्तमानपत्र मीच वाचून दाखवते. माझा आवाज त्यांना आवडतो, असं परवा म्हणाले. जन्मात पहिल्यांदा.

सोमवार, १२

आज दुपारी त्यांना जेवायला बोलवायला गेले. दुकानाच्या उंबऱ्यावरच थांबले, कारण ते तपासत होते आणि तपासताना त्यांना हाक मारलेली आवडत नाही. आज दिवा लावला होता. न्हाव्याची कात्री त्याखाली धरून ते हळूहळू फिरवत होते, अगदी तसंच, माझ्या लहानपणीसारखं.

मला उंबऱ्यावरून ती रेघ दिसली. पात्याच्या मधोमध, लख्ख.

ते कात्री फिरवत राहिले. रेघ त्यांच्या डोळ्यांपासून वीतभर लांब होती. मग त्यांनी मान हलवली, समाधानाने. "झालं," स्वतःशीच म्हणाले आणि कागदात गुंडाळायला लागले.

काही दिसलं नाही की काम झालं. त्यांना काहीच दिसत नव्हतं, म्हणून त्यांचं प्रत्येक काम झालेलं होतं.

मी हाक न मारता परत आले. मोरीत नळ सोडून उभी राहिले. चहा, दाढी, वर्तमानपत्र, 'काय लिहिलंस, वाच'. सगळं एकामागून एक येऊन दारात उभं राहिलं. माझा आवाज आवडतो म्हणे. आणि मी खूश झाले होते.

जेवताना त्यांनी पाण्याचा पेला हाताने चाचपून घेतला. मी आधीपासून बघत असते तर हे कधीच दिसलं असतं. मी शब्द बघत बसले होते.

गुरुवार, १५

काल आणि आज जे झालं ते लिहायलाच हवं, कारण कुणाला सांगण्यासारखं नाही. ते जेवायला बसले की मी दुकानात जाते, तयार होऊन ठेवलेल्या पुड्या सोडते, दिव्याखाली बघते. रेघ दिसली की पिशवीत. मग 'ग्रंथालयात जाऊन येते' म्हणून बारक्याकडे. परत आणून त्याच कागदात, त्याच घडीवर. बाबांची घडी वेगळी असते, तिचा कोपरा आत वळतो. मला ती आता येते.

बारक्या काही विचारत नाही. आज फक्त म्हणाला, "ताई, हे किती दिवस?"

"बघू."

"कात्र्यांचं ठीक आहे. पण खळकाकांचं पातं यायची वेळ झालीय ना?"

खळकाका म्हणजे बाबांचे सगळ्यांत जुने गिऱ्हाईक, बाइंडर. हाताला कायम खळीचा वास, म्हणून हे नाव. त्यांच्या कागद कापायच्या मशीनचं पातं माझ्या हाताहून लांब आणि उचलायला दोन माणसं लागतात. ते पिशवीत बसत नाही. ते मशीन चालवतो खळकाकांचा जावई, आणि त्याची बोटं दिवसभर त्या पात्याखाली जात-येत असतात. धार गेलेलं पातं कागद ओढतं, गठ्ठा सरकतो, माणूस तो सरळ करायला हात घालतो. हे मला बाबांनीच सांगितलंय, कैकदा.

आणि बाबांची स्वतःची बोटं? एवढं लांब पातं आता ते अंगठ्याने तपासणार?

शुक्रवार, १६

सांगायचा प्रयत्न केला. "बाबा, चष्म्याचा नंबर तपासून घेऊ या का? माझाही घ्यायचाय."

"तुझा घे."

"दोघांचा एकदम होईल."

"मला स्वच्छ दिसतं." आणि मग एकदम, "आज शब्द कुठला?"

मी वाचून दाखवलं. एकच ओळ दोनदा वाचली गेली. त्यांनी विचारलं नाही का ते.

सोमवार, १९

पातं आलं. खळकाका आणि जावयाने मिळून बाकावर ठेवलं, लाकडी म्यानात. जावई माझ्याच वयाचा, हसरा. "काका, यावेळी असं लावा की वर्षभर बघायला नको." बाबा म्हणाले, "वर्षभर कशाला, तुझ्या पेन्शनीपर्यंत लावतो."

उद्या दुपारी न्यायला येतील.

मी दुकानातच बसून राहिले, कागद घेऊन. "इथे काय करतेस? तुझे शब्द धुळीने माखतील." मी म्हटलं, आज घरात करमत नाही. मशीनवर पाण्याची धार सोडून त्यांनी काम सुरू केलं. कान देऊन ऐकत होते. आवाजावरून त्यांना पुष्कळ कळतं, हे मला आज कळलं. मान एका बाजूला, पक्ष्यासारखी. मग मशीन थांबवलं आणि शेवटचा दगड हाताने फिरवायला घेतला. पूर्ण लांबीवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एका लयीत. त्यांची बोटं कडेच्या इतकी जवळून जात होती की मला पापणी मिटायची भीती वाटत होती.

संध्याकाळपर्यंत माझी पाठ भिजली होती. मी एक शब्द लिहिला नाही.

मंगळवार, २०

खळकाका आणि जावई आले तेव्हा बाबा पातं तपासत होते. दिवा लावलेला. मान इकडून तिकडे. "झालं," म्हणाले. "घाला म्यानात."

मी उजव्या बाजूला उभी होते. मधल्या भागात रेघ होती, माझ्या वितीएवढी.

जावयाने म्यान उचललं. खळकाकांनी खिशात हात घातला. मला वाटलं, आत्ता काही बोलू नये. ते गेले की मागून बारक्याला त्यांच्याकडे पाठवावं, काहीतरी कारण काढावं. त्या दोन-तीन श्वासांत मी सगळी कारणं शोधून काढली. मग जावयाचा हात दिसला. त्याच्या बोटात एक साधी अंगठी आहे, जरा घट्ट झालेली.

"बाबा, दिसतेय."

माझा आवाज लहान मुलीसारखा निघाला होता.

खळकाका हसले. "काय गं, आता तू शिकवणार का त्यांना?"

बाबा हसले नाहीत. ते पात्याकडे बघत राहिले, म्हणजे तोंड तिकडे होतं. आणि मग त्यांनी विचारलं,

"कुठे?"

एवढंच. पण त्या एका शब्दाने खळकाकांचा हात खिशातच राहिला. बाबांनी आजवर कुणाला 'कुठे' विचारलं नव्हतं.

मी त्यांचा हात धरून रेघ सुरू होते तिथे नेला, पात्याच्या सपाट बाजूने, अंगठ्याला कड लागू न देता. "इथून." मग पुढे. "इथपर्यंत."

"बरं," ते म्हणाले. "थोडा वेळ बसा हो. चहा घ्या." हे खळकाकांना. मला म्हणाले, "तू हलू नकोस. जाईल तेव्हा सांग."

दगड फिरत राहिला. मी बोलत राहिले. अजून आहे. अजून. उजवीकडे गेली, डावीकडे आहे. पुसट झाली. बाबा, पुसट झाली. मग एका क्षणी तिथे काहीच उरलं नाही.

"गेली."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी दगड खाली ठेवला. कपाळावर घाम होता. खळकाका नेहमीसारखे 'पुढच्या खेपेला भेटू' न म्हणता गेले. जावयाने मात्र जाताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

मग बाबांनी दुकानाचं दार आतून लावून घेतलं. दिवस मावळेपर्यंत बाहेर आले नाहीत. मी दारापाशी जेवणाचं ताट घेऊन उभी होते. "भूक नाही," आतून म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "लोकांसमोर सांगायला नको होतंस."

माझ्याकडे उत्तर होतं. ताट उंबऱ्यावर ठेवून परत आले.

शुक्रवार, २३

परवा दिवसभर बोलले नाहीत. काल सकाळी आपणच म्हणाले, "बारक्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तू कात्र्या नेतेस म्हणून."

"काय?"

"त्याच्या पोटात काही राहतं का? एवढं मोठं पोट असून."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू इतकी मनापासून चोरी करत होतीस." दाढीत हसले. मग हसू गेलं. "माझ्या पुडीची घडीसुद्धा शिकलीस. मी हाताने बघायचो, कोपरा आत वळलाय का ते."

"आणि खळकाकांचं पातं? ते मी कसं नेणार होते?"

त्यांनी अंगठ्याची पट्टी सारखी केली. "वाटलं, तेवढं एक जमेल."

मग त्यांनी सांगितलं. सगळं धुरातून बघितल्यासारखं दिसतं. उजव्याने तर फक्त उजेड. मी चपला घातल्या, त्यांच्याही पुढे सरकवल्या. आश्चर्य म्हणजे आले.

डोळ्यांच्या डॉक्टर माझ्याहून लहान आहेत, बोलायला गोड. मोतीबिंदू पूर्ण पिकलाय म्हणाल्या, शस्त्रक्रिया लगेच करायला हवी, आणखी थांबलात तर कठीण होत जाईल. झाली की पुन्हा सुई ओवाल, काका.

"कापता कशाने?" बाबांनी विचारलं.

"एक बारीक पातं असतं. पाकीटबंद येतं."

"धार कोण लावतं?"

"कारखान्यातच लावून येते."

"तुम्ही तपासता?"

डॉक्टर हसल्या. "नाही काका. पाकीट फोडलं की सरळ वापरायचं. हात लावायचा नसतो."

बाबा उठले. "ज्या पात्याला हातच लावायचा नसतो, ते मी डोळ्यात कसं घालून घेऊ?" आणि चाचपत दाराकडे निघाले. मी मागे धावले. जिन्यात त्यांचा दंड धरला, तर दुसरा हात त्यांनी डोळ्यांवर ठेवला होता. मला वाटत होतं, हट्ट आहे. हट्ट नव्हता. हा माणूस पोलादाशिवाय कशालाच घाबरलेला मी पाहिला नाही, आणि पोलादाला मात्र तो नीट ओळखतो. धार गेलेलं पातं काय करतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? आणि गेल्या काही महिन्यांत तशी किती पाती त्यांच्याच हातून गेली असतील, हेही ते मोजत असणार.

रस्त्यात म्हणाले, "एकदा माझ्या अंगठ्यावर ठेवायला सांग. मग काय करायचं ते करा."

"त्यांच्याकडे दुसरं असेल तसंच, ते दाखवतील."

"नमुना नको. नमुना सगळेच चांगला दाखवतात. जे डोळ्यात जाणार तेच."

"बाबा, त्याला हात लागला की ते वाया गेलं."

"मग मीही वायाच गेलो समज."

आज दुकान बंद आहे. ते आत दगड पुसत बसलेत, आवाज येतोय. मी 'ब्लेड' पुरा केला. पान पहिलं ठेवलं, धार दुसरी; संपादकबाई बदलतील तर बदलोत. बाबांना वाचून दाखवला. "बरोबर आहे," म्हणाले. "आधी पातं असतं. धार म्हणजे ते जिथे संपतं ती जागा." हे वाक्य मी कोशात घातलेलं नाही. इथे ठेवते.

सोमवारी डॉक्टरांकडे एकटी जाणार आहे. तिथे माझी त-त-प-प होईल, म्हणून काय बोलायचं ते आत्ताच लिहून ठेवते.

डॉक्टर, तुम्ही नाही म्हणाल हे मला माहीत आहे. कारणही माहीत आहे, ते बरोबर आहे, आणि तुमच्या जागी मीही नाहीच म्हटलं असतं. बाबांचे हात मी स्वतः धुऊन आणीन, तुम्ही सांगाल त्याने, सांगाल तितक्यांदा. ते कापणार नाहीत, दाबणार नाहीत, फक्त अंगठा आडवा ठेवतील, श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. जे पातं त्यांच्या डोळ्यात जाणार आहे, तेच, आधी एकदा त्यांच्या हातात द्याल का?